बिबवेवाडीच्या परसात मासे आणि मळा

कात्रजच्या घाटपायथ्यापासून पर्वतीकडे उतरत जाणाऱ्या ज्या प्रदेशात बिबवेवाडी हे एके काळी पुण्याच्या वेशीबाहेरचे स्वतंत्र गाव होते, त्या प्रदेशात आज मोकळ्या जमिनीचा तुकडा दृष्टीस पडणे दुर्मिळ झाले आहे. तथापि जुन्या बंगल्यांच्या मागे आणि सोसायट्यांच्या कुंपणालगत कोठे कोठे परस अद्याप शिल्लक आहे, आणि अशा परसात एकाच पाण्यावर मासे आणि भाजीपाला दोन्ही वाढवावे, अशी हौस अनेकांच्या मनात मूळ धरू लागली आहे. या पद्धतीस अ‍ॅक्वापोनिक्स म्हणतात. एका निळ्या पिंपात चार मासे आणि त्यावर पुदिन्याचे एक ताट, एवढा प्रयोग बहुधा कोणालाही साधतो. खरी परीक्षा होते ती तो वाढवून कुटुंबाला पुरेल एवढा करताना. कारण त्या वेळी टाकीस टाकी जोडली की काम झाले, अशी समजूत करून घेतली जाते, आणि पहिल्या उन्हाळ्यातच मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागतात.

या व्यवस्थेचे मर्म सूक्ष्म जंतूंच्या कामगिरीत आहे. मासा जे खाद्य खातो त्यातील नत्राचा जेमतेम एक तृतीयांश भाग त्याच्या अंगी लागतो, आणि उरलेला बहुतांश अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे पाण्यात उतरतो. हा अमोनिया माशांना विषासमान असतो. परंतु दगडांच्या आणि नळ्यांच्या पृष्ठभागावर वस्ती करणारे एका जातीचे जंतू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे जंतू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि हे नायट्रेट वनस्पतींना अन्न म्हणून उपयोगी पडते. रशियन शास्त्रज्ञ सेर्गेई विनोग्राडस्की याने 1890 च्या सुमारास या जंतूंची ओळख जगाला करून दिली. त्या ज्ञानावर घरगुती आणि व्यापारी स्वरूपाची पद्धत उभी राहण्यास मात्र बराच काळ जावा लागला. कॅरिबियन समुद्रातील सेंट क्रॉय बेटावर जेम्स रकोसी यांनी 1980 पासून पुढे अनेक वर्षे चालविलेल्या प्रयोगांनी या विषयास शास्त्रशुद्ध प्रमाणांची जोड दिली.

रकोसी यांच्या परिश्रमाचे सार असे की संपूर्ण रचनेचे माप रोज पाण्यात पडणाऱ्या खाद्याच्या वजनावरून घ्यावे. मासे किती आणि टाकी केवढी, हे प्रश्न त्यामागून येतात. खडीच्या वाफ्यांसाठी आणि पालेभाज्यांसाठी सर्वसाधारण प्रमाण वाफ्याच्या प्रत्येक चौरस मीटरला दररोज 40 ते 50 ग्रॅम खाद्य असे धरले जाते. टोमॅटो, मिरची यांसारख्या फळभाज्यांना त्याहून अधिक लागते. आता हिशेब मांडून पाहू. परसात सहा चौरस मीटर, म्हणजे सुमारे 65 चौरस फूट वाफा करावयाचा असेल, तर रोजचे खाद्य 240 ते 300 ग्रॅम झाले. वाढीच्या वयातील मासे रोज आपल्या वजनाच्या एक ते दोन टक्के खातात, तेव्हा हे खाद्य संपविण्यास 15 ते 20 किलो मासे हवेत, आणि एवढ्या माशांना सुखाने राहण्यास हजार लिटरची टाकी पाहिजे. जमेच्या बाजूस खाद्य आणि खर्चाच्या बाजूस पाने, अशा या वहीत रोज मेळ बसला पाहिजे: वाफा लहान आणि मासे अधिक झाले तर पाण्यात नायट्रेट साचत जाते, वाफा मोठा आणि मासे कमी झाले तर पाने पिवळी पडतात.

या वहीत आणखी दोन बाबींची नोंद करावी लागते, आणि नवखे लोक नेमक्या त्याच विसरतात. 32 टक्के प्रथिनांचे 300 ग्रॅम खाद्य दिले, तर त्यातून सुमारे आठ ते नऊ ग्रॅम अमोनियाजन्य नत्र पाण्यात येते, आणि त्याचे नायट्रेट करताना जंतू प्रत्येक ग्रॅममागे साडेचार ग्रॅमहून अधिक प्राणवायू आणि सुमारे सात ग्रॅम क्षारता खर्च करतात. म्हणून माशांच्या श्वसनासाठी लागणाऱ्या हवेखेरीज जंतूंसाठीही हवेची स्वतंत्र तरतूद करावी लागते. आणि पाण्याचा सामू हळूहळू खाली घसरत जातो, तो सावरण्यासाठी विरलेला चुना आणि पोटॅशियम बायकार्बोनेट आलटून पालटून, अगदी थोड्या मात्रेत घालावे लागतात. सामू सहा ते सातच्या दरम्यान राहिला, की मासे, जंतू आणि वनस्पती या तिघांचेही बरे चालते. याशिवाय माशांच्या खाद्यात लोह अपुरे असल्याने ते चिलेटेड स्वरूपात अधूनमधून द्यावे लागते.

जागेच्या निवडीविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते, ती ही की मोठी रचना गच्चीवर नेण्याचा मोह टाळावा. एक मीटर उंच पाण्याचा भार प्रत्येक चौरस मीटरला हजार किलो होतो, आणि एक फूट खोलीचा, ओल्या खडीचा वाफा पाचशे किलोंच्या पुढे जातो. उलट वापरत्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो आहे. स्थापत्य अभियंत्याचा लेखी दाखला घेतल्यावाचून गच्चीवर अशी टाकी चढविणे म्हणजे खालच्या मजल्यावर झोपणाऱ्यांच्या जिवाशी खेळणे होय. परसाची जमीन हेच या उद्योगाचे योग्य स्थान.

पाणी महानगरपालिकेच्या नळाचे असेल, तर त्यातील क्लोरीन जंतूंचा संहार करते. ते पाणी वेगळ्या पिंपात साठवून, त्यात हवा सोडून दोन दिवस ठेवल्यानंतरच टाकीत घ्यावे, आणि गुरुवारी पुष्कळदा पाणी बंद असते हे ध्यानी घेऊन त्याचा साठाही बाळगावा. विंधनविहिरीचे पाणी क्लोरीनमुक्त, पण बहुधा जड असते. खडीच्या बाबतीत मात्र पुणेकर भाग्यवान आहेत. आपला काळा पाषाण पाण्याच्या सामूस ढळवीत नाही, तर संगमरवराचे तुकडे त्यास वर ढकलतात; शंका असल्यास खड्यावर व्हिनेगर टाकावे, फेस आला तर तो दगड या कामास निरुपयोगी. धुतलेली 20 मिलिमीटरची काळी खडी हजारो जंतुवसाहतींचे घर बनते. पण ती वसाहत उभी राहण्यास चार ते सहा आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळात अमोनिया व नायट्राइट शून्याजवळ आल्याचे चाचणीसंचावर दिसेपर्यंत टाकीत मासे भरण्याची घाई करू नये.

लहान रचनेत माशांची विष्ठा खडीतच जिरते आणि गांडुळे तिचा निकाल लावतात. रचना वाढली की ती खडी तुंबविते, आतल्या भागात हवा पोहोचत नाही, आणि पाण्यास कुजकट वास येऊ लागतो. म्हणून माशांची टाकी आणि वाफे यांच्या दरम्यान गाळ बसण्यासाठी एक स्वतंत्र टाकी असणे अवश्य आहे. या परिसरास हे तत्त्व नवे नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या अमदानीत, कात्रजच्या तलावातून शहरात आणलेले पाणी केवळ उताराच्या बळावर वाहत असे, आणि वाटेतील उच्छ्वास नावाच्या बांधीव टाक्यांत त्यातील गाळ खाली बसत असे. आपल्या परसातही तेच करावे: पंप एकच ठेवावा, पाणी एकदाच वर चढवावे, आणि पुढचा प्रवास उतारावर सोपवावा. जेवढे सांधे आणि पंप कमी, तेवढे बिघाड कमी. बसलेला गाळ काढून कढीलिंबाच्या किंवा केळीच्या बुडाशी घालावा. त्याहून उत्तम खत विकत मिळत नाही.

परंतु पुण्याच्या हवामानातील खरा पेच ऋतूंचा आहे, आणि परदेशी पुस्तके वाचून काम आरंभणाऱ्यांना तो उशिरा उमगतो. मेथी, पालक, कोथिंबीर यांचा बहर येथे मार्गशीर्ष-पौषात असतो. त्याच सुमारास पहाटेचे तापमान दहा अंशांच्या आसपास उतरते, पाणी गारठते, चिलापीसारखा उष्णप्रिय मासा अन्नास तोंड लावीनासा होतो आणि जंतूंचे कामही मंदावते. उलट वैशाखात मासे अधाशासारखे खातात, पण तेव्हा पालेभाज्या उन्हाने फुलावर येतात, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायूही कमी मावतो: 20 अंशांवर लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशांवर साडेसात. म्हणजे पानांना भूक असते तेव्हा माशांना नसते, आणि माशांना असते तेव्हा पानांना नसते. यावर तोड अशी की थंडीतही खाणारा सायप्रिनस (कॉमन कार्प) पाळावा, उन्हाळ्यात टाकीवर जाळीची सावली धरावी, आणि त्या महिन्यांत वाफ्यात अळू, पुदिना, मिरची यांस स्थान द्यावे. अळू तर अशा वाफ्यात इतका माजतो की शेजाऱ्यांच्या घरीही फदफदे शिजावे.

माशांच्या निवडीत कायद्याचाही विचार करावा लागतो. आफ्रिकन मांगूर पाळण्यास 2000 सालापासून देशात बंदी आहे. विक्रेता कितीही आर्जव करो, तो घेऊ नये. चिलापीची शेती मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवानगीवाचून करता येत नाही. याचे कारण उजनीच्या जलाशयाकडे पाहिल्यास कळते: तेथे बाहेरून आलेल्या चिलापीने देशी माशांचा अवकाश व्यापून टाकला आहे. 2019 च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याने दक्षिण पुण्यात जो हाहाकार केला, त्याची स्मृती ताजी आहे. अशा पावसात परसातील टाकी भरून वाहिली तर तिच्यातील बोटुकली ओढ्यात आणि तेथून मुठेत जाणार, हे ओळखून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक नळीच्या तोंडाशी बारीक जाळी बसविणे हे नागरिकाचे कर्तव्य समजावे. ज्या घरी मत्स्याहार वर्ज्य आहे त्यांनी कोई किंवा गोल्डफिश पाळावेत. पालकाच्या रोपास त्यात काही उणे पडत नाही.

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने 'मानसोल्लास' या ग्रंथात कोणत्या माशास कोणते अन्न घालावे याचे वर्णन केले आहे, इतकी ही विद्या आपल्या भूमीत जुनी आहे. तथापि तळ्यातील माशांना रुचणारी पेंड आणि कोंडा या बंदिस्त पाण्यास मानवत नाही, कारण त्याचा लगदा होऊन पाणी नासते. येथे तरंगते गोळीखाद्यच वापरावे, आणि दहा मिनिटांत मासे जेवढे संपवतील तेवढेच द्यावे. भाजीवर कीड आली तर हाताने वेचावी. कीटकनाशकाचा यत्किंचित थेंबही टाकीत घातक ठरतो, आणि कडुनिंबाचा अर्कदेखील माशांना बाधतो.

विजेचा बंदोबस्त पहिल्या दिवशीच करावा. दाट भरलेल्या टाकीत हवा बंद पडल्यावर थोड्याच अवधीत मासे गुदमरू लागतात. म्हणून पाण्याचा पंप बंद पडला तरी चालेल, पण हवेचा पंप इन्व्हर्टरवर असलाच पाहिजे.

आर्थिक लाभाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. वर सांगितलेल्या मापाची रचना ऊबदार महिन्यांत दरमहा नऊ किलो खाद्यावर पाच ते सहा किलो माशांची वाढ देईल आणि एका कुटुंबाची पालेभाजी बव्हंशी भागवील; पण मार्केट यार्डातील भावाशी स्पर्धा करण्याच्या इराद्याने कोणी यात पडू नये. ताजे, विषमुक्त अन्न आणि घरातील मुलांस डोळ्यांदेखत मिळणारे जीवशास्त्राचे शिक्षण हेच याचे उत्पन्न, आणि माझ्या मते ते पुरेसे आहे. ज्यांना अधिक शिकायचे असेल त्यांनी वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेकडे किंवा रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयाकडे चौकशी करावी.

तेव्हा परस मोठे आहे म्हणून दुसरी टाकी मागविण्यापूर्वी पहिल्या टाकीची वही एक पूर्ण वर्ष लिहावी: रोजचे खाद्य, पाण्याचे तापमान, सामू, अमोनिया आणि नायट्रेट. त्या वहीत हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही निभावल्याचा पुरावा असेल, तरच दुसऱ्या टाकीस पैसे घालावेत.