मागचे डावे दार

उन्हाळ्याच्या सुट्टीत महूला घरी पोहोचलो आणि तिसऱ्याच दिवशी आजी गाडीत अडकली. बाबा फील्ड पोस्टिंगवर आहेत, त्यामुळे गाडी आई चालवते. बाजारातून परत आल्यावर आईने सेंटर लॉक उघडले, तीन दारे उघडली, पण आजीच्या बाजूचे मागचे डावे दार काही हलेना. आजीच्या शेजारी गव्हाचे पोते होते. ते दुसऱ्या बाजूने ओढून काढून तिला बाहेर घेईपर्यंत दहा मिनिटे गेली. दुपारचा एक वाजला होता. मागच्या काचा हाताने फिरवायच्या आहेत म्हणून निदान हवा तरी मिळाली. बाहेर आल्यावर आजी एवढेच म्हणाली, "उद्यापासून मला रिक्षाच बरी." तिला गुडघ्यासाठी दर आठवड्याला हॉस्पिटलमध्ये न्यावे लागते. आईचा चेहरा पाहून मी ठरवले की सुट्टी संपायच्या आत हे दार दुरुस्त करायचे.

गॅरेजवाल्याने दार न उघडताच चारही दारांचा नवा सेट बसवायला सांगितले. आमच्या वरच्या मजल्यावरचे अंकल ईएमईमध्ये हवालदार आहेत. त्यांनी मला आधी एकच प्रश्न विचारला, "पहले ये बताओ, खराब क्या है?" मला सांगता आले नाही.

सेंटर लॉक म्हणजे काही वेगळे कुलूप नसते. दाराच्या कडेला असलेला लोखंडी खटका दार धरून ठेवतो. त्याला एक सळी जोडलेली असते आणि तिच्या टोकाला आपण वरखाली करतो ती खुंटी. सेंटर लॉकमध्ये या सळीला दाराच्या आत एक छोटी मोटर जोडतात, तिला ॲक्च्युएटर म्हणतात. १२ व्होल्टचा प्रवाह एका दिशेने दिला की मोटर सळी खाली ओढते, उलट दिशेने दिला की वर ढकलते. प्रवाह सेकंदभरही नसतो. आमच्यासारख्या नंतर बसवलेल्या सेटमध्ये ड्रायव्हरच्या दारातल्या ॲक्च्युएटरला पाच वायर असतात, कारण त्यात हुकूम देणारा स्विचही असतो. मागच्या दारांना फक्त दोन. म्हणजे पुढचा कमांडर आणि मागचे नुसते हुकूम पाळणारे.

बाकीची तीन दारे चालत होती. त्यामुळे रिमोट, फ्यूज आणि कंट्रोल बॉक्स ठीक होते, आणि बिघाड त्या एका दारातच होता. तिथे तीन संशयित असतात. दार आणि गाडीची बॉडी यांच्यामधल्या रबरी नळीतून वायर जातात आणि दार हजारो वेळा उघडबंद झाल्याने त्या तिथे आतल्या आत तुटतात. दुसरा संशयित खुद्द ॲक्च्युएटर, तिसरा गंजलेला खटका किंवा वाकलेली सळी. यासाठी कान लावून ऐकायचे. अजिबात आवाज नसेल तर वायर किंवा मोटर. घर्र आवाज येतो पण खुंटी हलत नाही, तर आतली प्लास्टिकची दातेरी चाके गेली. आमच्या दारातून घर्र आवाज येत होता.

एक हात खुंटीवर ठेवून आणि आईला रिमोट दाबायला लावून दार पाचव्या प्रयत्नात उघडले. दाराच्या कडेला पाहिले तर चाइल्ड लॉकची छोटी पट्टीही लावलेली! धाकटी बहीण लहान असताना कोणीतरी लावली आणि विसरले. म्हणजे खुंटी वर आली असती तरी आजीला आतून दार उघडताच आले नसते. ती पट्टी सरकवायला दोन सेकंद लागतात. तुमच्या गाडीत आजी-आजोबा मागे बसत असतील तर आजच बघा.

दार उघडे असतानाच अंकलनी बजावले की काम संपेपर्यंत ते लावायचे नाही. बंद दारात लॉक अडकले तर आतला पॅनेल काढणेच अवघड होते. मग काच पूर्ण वर केली, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, किल्ली खिशात ठेवली. काच फिरवायच्या हँडलमागे एक स्प्रिंगची क्लिप असते. जुन्या कापडाची पट्टी मागे घालून बूट पॉलिश करतो तशी इकडून तिकडे ओढली की ती सुटते. आमची सुटली आणि शेजारच्या स्कूटरखाली गेली. ती शोधण्यात अर्धा तास. हँडलमागचे आणि आर्मरेस्टचे स्क्रू काढून पॅनेल खालच्या बाजूने हळूहळू ओढायचा. तरी माझ्याकडून दोन प्लास्टिक क्लिप तुटल्या, म्हणून चार जास्तीच्या आणून ठेवा. आत चिकटवलेला प्लास्टिकचा कागद फाडू नका. काचेवरून पावसाचे पाणी दाराच्या आत उतरतेच. ते खालच्या भोकांतून बाहेर जाते आणि हा कागद ते सीटकडे येऊ देत नाही. पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात, हातमोजे घाला. ज्या गाडीला साइड एअरबॅग आहेत, तिथे मात्र घरी हात घालू नये.

जुना ॲक्च्युएटर दोन स्क्रूंवर होता. त्याची सळी खटक्याच्या सळीला छोट्या क्लॅम्पने जोडलेली असते. क्लॅम्प सोडल्यावर खुंटी बोटाने सहज वरखाली झाली, म्हणजे खटका निर्दोष सुटला. नवा बसवताना सगळी कला या क्लॅम्पमध्ये आहे. खुंटी पूर्ण खाली आणि ॲक्च्युएटरचा दांडाही पूर्ण खाली घेऊन, दोन्ही सळ्या एका रेषेत ठेवून मगच क्लॅम्प आवळायचा. तिरका बसला तर मोटर रोज अडखळते आणि लवकर मरते. मी तीनदा बसवला.

बॅटरी जोडली. दार उघडेच ठेवून, स्क्रू ड्रायव्हरने खटका बंद स्थितीत फिरवला आणि आईने बटण दाबले. तीन खुंट्या खाली गेल्या. माझी वर आली!

मी दोन वायर उलट जोडल्या होत्या. मला हसू आले, अंकल मात्र हसले नाहीत. मी पॅनेल लावून मोकळा झालो असतो तर आईने रोज गाडी लॉक केली असती आणि मागचे दार रात्रभर उघडे राहिले असते. वायर अदलाबदल केल्या, टेप नीट गुंडाळली, मग दहा वेळा लॉक-अनलॉक करून पाहिले. बाहेरचे हँडल ओढून खटका सोडवला, काच पूर्ण खाली घेऊन ती कुठे अडकत नाही ना ते पाहिले आणि पॅनेल बसवला. शेवटी काचेवर दोन मग पाणी ओतले. ते दाराच्या तळातून टपकले, आतली मॅट कोरडी राहिली.

गुरुवारी आजी हॉस्पिटलला गाडीनेच गेली. आता ती मागे बसली की आई गाडी सुरू करायच्या आधी खुंटी दोनदा वरखाली करून बघते आणि मगच म्हणते, "चल."