सिकलसेलच्या लेकरालाही लेझीम शिकू द्या

१४ एप्रिल जवळ आला की विहाराच्या पटांगणात लेझीमचा सराव सुरू होतो. एखादी मुलगी मात्र पायरीवर बसून नुसती पाहते. तिला सिकलसेल आहे, घरचे पाठवत नाहीत. आपल्या समाजात हा आजार बराच आहे, त्यामुळे आईची भीती खोटी नाही. पण कायमचं बसवून ठेवणं हा इलाज नव्हे.

डॉक्टरांना विचारा आणि तिला हळू चालीत उभं करा. थोडं नाचावं, सावलीत बसावं, तहान लागायच्या आधीच पाणी प्यावं. नागपूरच्या उन्हात अंगातलं पाणी घटलं की लाल पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं ठणकतात. म्हणून सराव सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर. घामाच्या अंगावर थंडगार पाणी ओतू नये.

"दादा, मी आता थांबते" असं न लाजता म्हणणं ती इथंच शिकेल. शिकवणाऱ्या दादानंही तिला हिणवू नये. डीजेच्या गाडीमागे तीन-तीन तास नाचणं मात्र नकोच.

ताप, छातीत दुखणं किंवा दम लागणं दिसलं तर थेट मेडिकल किंवा मेयो गाठा. सिकलसेल आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगा.