गौरी-गणपतीची जुनी आरास

भाद्रपद सरला कीं गौरी-गणपतीची आरास उतरते आणि माळ्यावरील पेटींत वर्षभर पडून राहते. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील जुन्या वाड्यांत अशा पेट्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या गेल्या. आतां वाडे पडत आहेत, आणि आंतील जिनसांचें करावयाचें काय, हा प्रश्न उभा राहतो. पितळी मुखवटे मोडीच्या भावानें जातात, लाकडी मखर बंबांत जातें, कागदी वस्तु उकिरड्यावर. त्यांतून कांहीं वांचविणारे ते जुन्या आराशीचे संग्राहक.

हा छंद एकट्या आपल्या देशाचा नव्हे. अमेरिकेंत ऑक्टोबरच्या अखेरीस हॅलोवीन नांवाचा भुताखेतांचा सण होतो. त्यासाठीं १९२० च्या सुमारास जर्मनींत कागदाच्या लगद्याचे भोपळ्याच्या आकाराचे कंदील तयार होत. वस्तु एका रात्रीची, म्हणून मुलें ती फेकून देत. आणि म्हणूनच जे थोडे कंदील उरले त्यांना आज मोठी किंमत येते.

आपल्याकडे सर्वांत देखणा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रकार म्हणजे काचमण्यांचीं तोरणें व महिरपी. दुपारच्या फुरसतींत घरच्या बायकांनीं राघू, हंस, ‘सुस्वागतम्’चीं अक्षरें मण्यामण्यांनीं विणलेलीं असतात. मणि शंभर वर्षें तसाच राहतो. कुजतो तो दोरा. असें तोरण खुंटीवरून ओढूं नये. खालीं धोतराचें पान पसरून त्यावर अलगद उतरवावें, चौकटीच्या कागदावर ओळीओळीनें नकाशा काढावा आणि मगच नवा सुती दोरा घालावा. एका ओळींत एक मणि चुकला तर राघूची चोंच मानेवर येते!

जरी व टिकल्या लावलेल्या तसबिरींचीहि तीच योग्यता. रविवर्मा प्रेस १८९४ सालीं मुंबईस निघाला व १८९९ मध्यें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. चित्राखालीं कार्ले-लोणावळे असें ठिकाण छापलेलें असेल तर तें या स्थलांतरानंतरचें समजावें. त्यावरील टिकल्या मात्र घरच्याच हाताच्या असूं शकतात, आणि त्यामुळें एका छापाच्या दोन तसबिरी सारख्या नसतात.

कागद टिकत नाहीं ही समजूत सर्वस्वी खरी नव्हे. सांगलीच्या गणपति मंदिरांत चतुर्थीपूर्वीं गुपचुप ज्याची स्थापना होते तो ‘चोर गणपति’ कागदाच्या लगद्याचाच आहे. त्याचें विसर्जन होत नाहीं. मूर्ति जपून ठेवितात व पुढील वर्षीं पुन्हां बसवितात. कसर आणि पाणी यांपासून कागद राखला पाहिजे एवढेंच.

पाण्याची गोष्ट मात्र कृष्णाकांठीं कठीण आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, आणि चतुर्थी २ सप्टेंबरला होती. जुलै २०२१ मध्यें पूर पुन्हां आला. अशा वेळीं तळमजल्यावरची पेटी गेलीच म्हणावयाची; वडील माणसें ती माळ्यावर ठेवीत तें उगाच नव्हे. तसबीर भिजून काचेला चिकटून वाळली असेल तर सोलूं नये, काचेसकट तशीच ठेवावी.

गौरीच्या मुखवट्यांविषयीं थोडा विवेक हवा. कोठें ते पितळेचे, कोठें शाडूचे. कित्येक घरीं तर खड्यांची किंवा तेरड्याची गौर असते. जेथें मुखवटा अद्याप पूजेंत आहे तेथें तो विकत मागणें अशोभनीय होय. रंग उडालेला शाडूचा मुखवटा नव्या तैलरंगानें चकचकीत करणें, हा तर उघड अपराध. जुना रंग गेला कीं जुनी कारागिरीहि गेली.

औंधास बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं १९३८ सालीं संग्रहालय उभारलें. पुण्यास दिनकर केळकर यांनीं दिवे, अडकित्ते अशा घरगुती वस्तूंसाठीं आयुष्य वेंचलें. ज्याला आरंभ करावयाचा आहे त्यानें हीं दोन्ही स्थळें पाहावींत, पण पहिली वस्तु स्वतःच्याच माळ्यावर शोधावी. ती कोणी विणली, कोणत्या सालीं, कोणाच्या माहेराहून आली, हें एका चिठ्ठीवर लिहून पेटींत ठेवावें. आणि हें काम सांगणारी आजी घरांत आहे तोंवरच करावें.