काळ्या ठिपक्याचं बारसं

नदीत बुडालेली कुजकी फांदी बाहेर काढली, तर तिच्यावरची नवी बुरशी काही छत्री उघडून बसलेली नसते. भिंगाखाली फार तर काळसर लव दिसते, किंवा सुईच्या अग्राएवढे ठिपके. अनेकदा तेही नाही. मग फांदी ओलसर डब्यात काही आठवडे ठेवायची आणि बीजाणू धरण्याची वाट पाहायची.

पाण्यात ऑक्सिजन कमी, त्यामुळे लाकूड फस्त करणाऱ्या छत्रीवाल्या बुरश्या तिथे मागे पडतात. या सूक्ष्म बुरश्या मात्र लाकडाच्या पेशीभित्तीतच पोकळ्या कोरतात. लाकूड मऊ होतं आणि जलकीटकांच्या अळ्यांना ते खाता येतं.

चीनच्या युनान प्रांतात बुडालेल्या लाकडावर तपकिरी, लांबट बीजाणूंची एक बुरशी मिळाली. नुसत्या रूपावरून ठरवायचं, तर तिची रवानगी ‘स्पोरिडेस्मियम’ या वंशात झाली असती. अशा दिसणाऱ्या कितीतरी बुरश्या तिथेच कोंबल्या गेल्या होत्या. डीएनएने मात्र वेगळंच नातं दाखवलं आणि २०१६ मध्ये तिच्यासाठी ‘डिस्टोसेप्टिस्पोरा’ हा नवा वंशच नव्हे, तर नवं कूळही मांडावं लागलं.

ही तपासणी किचकट असते. एकच बीजाणू उचलून बटाट्याच्या अर्कावर वाढवायचा, अनेक जनुकांचे तुकडे वाचायचे, बीजाणूंची मापं घ्यायची. वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत हवं आणि २०१३ पासून नावाला नोंदणी क्रमांकही लागतो. गंमत म्हणजे वाढती, जिवंत बुरशी प्रमाण नमुना म्हणून चालत नाही. तो वाळवलेला किंवा वाढ पूर्ण थांबवलेला असावा लागतो.

एक गोष्ट मात्र खटकते. बऱ्याच नव्या जाती एकाच फांदीवरच्या एकाच नमुन्यावरून जाहीर होतात. त्या जातीत मुळात किती वैविध्य आहे, हे मग कळणार कसं? त्याच ओढ्यावर पुन्हा जाण्यापेक्षा नवं नाव छापणं सोपं, हे खरं दुखणं आहे.

सह्याद्रीतल्या ओढ्यांवर काम करणाऱ्यांना निदान नमुने ठेवण्यासाठी लांब जायला नको. वाळवलेल्या नमुन्यांचा आजरेकर कवकसंग्रह आणि जिवंत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह, दोन्ही पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतच आहेत.