मारायचं, पण लागू द्यायचं नाही!

‘‘५-२ नं पुढे असलेली मुलगी हरते कशी हो?’’ दोन वर्षांपूर्वी सोलापूरच्या एका हॉलमध्ये पंचांच्या टेबलासमोर उभी राहून मी हे विचारत होते. आवाज चांगलाच चढलेला. आज आठवलं की माझंच मला हसू येतं, आणि थोडी लाजही वाटते.

लेकीला कराटेला घातलं ते काही पदकासाठी नव्हे. शिकवणीहून सायकलवर परत येता येता अंधार पडतो, आणि दिवस कसे आहेत ते मी तुम्हाला काय सांगावं! सासूबाई म्हणाल्या, ‘‘पोरीच्या जातीला मारामारी कशाला? नाक-बिक फुटलं तर पुढे कसं व्हायचं?’’ मी ऐकलं नाही. माझं साधं गणित होतं : कुणी अंगावर आला, तर पोरीला मारता आलं पाहिजे.

तर त्या दिवशी बार्शीहून पहाटेची एसटी पकडून आम्ही मायलेकी स्पर्धेला पोहोचलो. लेक तेव्हा चौदा वर्षांची. तिला लाल पट्टा, समोरच्या मुलीला निळा. दोन मिनिटांचा सामना. मी खुर्चीवरून उठून ओरडत होते, ‘‘हाण! सोडू नको!’’ शेवटचे वीसेक सेकंद राहिले असतील. लेकीनं झेप घेऊन ठोसा मारला, तो थेट नाकावर. ती मुलगी मटकन खाली बसली. पांढऱ्या ड्रेसवर रक्ताचे थेंब पडले. आणि खरं सांगू? मला पहिल्यांदा आनंदच झाला.

पंचांनी सामना थांबवला, डॉक्टरांना बोलावलं, आपसात काहीतरी बोलले आणि हात केला तो निळ्या बाजूला. ‘हन्सोकु’ म्हणाले. म्हणजे माझी लेक बाद! पलीकडे त्या मुलीची आई ओढणीनं तिचं नाक पुसत होती. मी मात्र पंचांशी भांडत होते.

परतीच्या एसटीत लेक खिडकीकडे तोंड करून बसली होती. वाटेत हळूच म्हणाली, ‘‘आई, हाण म्हणून तूच ओरडत होतीस ना?’’ मला उत्तर सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी तणतणतच क्लासला गेले. सर शांतपणे म्हणाले, ‘‘बसा वहिनी. चूक माझीही आहे. मुलांना नियम शिकवतो, पालकांना सांगायचे राहून जातात.’’ मग त्यांनी जे सांगितलं, ते मैत्रिणींनो, तुम्हालाही सांगते. घरोघरच्या मुली आता क्लासला जातात, पण आपल्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

ऑलिंपिकमध्ये झाली, शाळा-जिल्ह्याच्या स्पर्धांत बहुतेक ठिकाणी चालते, ती जागतिक कराटे महासंघाच्या नियमांची लढत. तिला ‘कुमिते’ म्हणतात. डोक्याला किंवा अंगावर अचूक ठोसा बसला तर १ गुण, पोटा-पाठीवर लाथ बसली तर २, डोक्याच्या उंचीवर लाथ गेली तर ३. पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर अचूक वार केला तरी ३. आठ गुणांची आघाडी झाली की सामना तिथेच संपतो. पण गुण मिळतो तो ताब्यात ठेवलेल्या वाराला! हात वेगानं जायला हवा आणि चेहऱ्याशी पोहोचताच थांबायला हवा. मोठ्यांनाही तिथे जेमतेम स्पर्शाचीच मुभा. मुलांच्या गटात तर नियम आणखी कडक. जोरात लागलं तर गुण नाहीच, वर ताकीद; आणि फारच लागलं तर बाद.

मी म्हटलं, ‘‘अहो सर, पण ती मुलगी स्वतःच पुढे आली होती!’’ सर म्हणाले, ‘‘तेही पंच बघतात. स्वतःचा बचाव सोडून बेफिकीरपणे घुसलं तर त्याला मुबोबी म्हणतात, त्यालाही शिक्षा आहे. न लागता लागल्याचं नाटक केलं तरी शिक्षा आहे. कालच्या सामन्यात यातलं काही नव्हतं.’’

मग त्यांनी मोबाइलवर एक सामना लावून दिला. टोकियो ऑलिंपिक, ७ ऑगस्ट २०२१, बुदोकान सभागृह. ७५ किलोंवरच्या पुरुषांची अंतिम लढत. सौदी अरेबियाचा २३ वर्षांचा तारेग हमेदी ४-१ नं पुढे. जिंकला असता तर त्याच्या देशाचं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्णपदक. तेवढ्यात त्यानं उंच लाथ मारली आणि इराणचा सज्जाद गंजजादे आडवा झाला. उठलाच नाही, स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. पंचांनी ठरवलं, वारावर ताबा नव्हता, हमेदी बाद. सुवर्णपदक मिळालं ते बेशुद्ध पडलेल्याला! शुद्धीवर आल्यावर त्याला कळलं की आपण जिंकलोय. हमेदी रडला, पण पदक घेताना दोघं एकमेकांशेजारी सलोख्यानं उभे होते. माझ्या डोळ्यांपुढे सोलापूरच्या टेबलासमोर तणतणणारी मीच आले.

‘‘आता गंमत बघा,’’ सर म्हणाले. ‘‘हीच लाथ क्योकुशिन कराटेच्या मॅटवर बसली असती, तर हमेदीच विजेता.’’

कराटेत असे पंथ आहेत, हेच मला नवीन होतं. ओकिनावाहून १९२२ साली टोकियोला येऊन गिचिन फुनाकोशी यांनी कराटे दाखवलं, शिकवलं. शोतोकान ही शैली त्यांची. त्यांना स्वतःला स्पर्धा फारशा पसंत नव्हत्या. पुढे स्पर्धा आल्याच. १९७० मध्ये टोकियोलाच पहिली जागतिक स्पर्धा झाली. शोतोकान, गोजू-र्यू, शितो-र्यू, वाडो-र्यू या शैलींची मुलं त्या नियमांनी खेळतात. मासुतात्सु ओयामा यांनी मात्र वेगळी वाट धरली. त्यांच्या क्योकुशिनमध्ये हातमोजे नाहीत, छाती-पोटावर पूर्ण ताकदीचे ठोसे, मांडीवर लाथा. डोक्यावर लाथ चालते, पण हातानं चेहऱ्यावर मारायचं नाही. तीन सेकंदांहून जास्त आडवं पडलं की खेळ खल्लास.

आणि जसे नियम, तशी लढायची रीत. क्योकुशिनवाले छातीला छाती भिडवून उभे राहतात. चेहऱ्यावर ठोसा येणार नाही हे माहीत असतं ना! तिथे सोसण्याची ताकद लागते. आमच्या लेकीच्या खेळात पोरी सारख्या पायांवर उड्या मारत, अंतर राखून असतात. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच आत शिरून, वार करून मागे. तिथे वेग आणि नेमकेपणा लागतो. एक खरं आणि एक खोटं, असं काही नाही.

शेवटी मनातलं विचारलंच. ‘‘मग सर, रस्त्यावर कुणी अंगावर आला तर? तिथेही हात चेहऱ्याशी थांबवायचा?’’ सर हसले नाहीत. म्हणाले, ‘‘रस्त्यावर पंच नसतो वहिनी. तिथे ओरडायचं, सुटायचं, पळायचं. सुटण्यासाठी मारावं लागलं तर मारायचं. पदक मिळालं म्हणजे पोरगी सुरक्षित झाली, असं मी कुणालाच सांगत नाही. पण नेमका वार करता येतो, तिला जोर वाढवता येतो. नुसतं अंदाधुंद हाणणारीला ना खेळता येतं, ना वाचता येतं.’’

त्याच संध्याकाळी सरांकडून नंबर घेऊन त्या मुलीच्या आईला फोन केला. म्हटलं, ‘‘ताई, चुकलं माझं. मुलगी कशी आहे?’’ त्या म्हणाल्या, ‘‘बरी आहे हो. आणि ओरडत तर मीपण होतेच की!’’

तुमची मुलगी क्लासला जात असेल तर एवढं जरूर विचारा : शैली कोणती? स्पर्धा कोणत्या नियमांनी? दातांचं गार्ड, हातमोजे, नडगीचे आणि छातीचे पॅड वापरतात का? आणि डोक्याला मार बसून गरगरलं, उलटी झाली, तर त्या दिवशी खेळणं बंद आणि थेट डॉक्टर! मोठ्या स्पर्धांत तर, पडल्यावर १० सेकंदांत उभं राहता आलं नाही, तर त्या स्पर्धेत पुढे कुमिते खेळूच देत नाहीत. आपणही ‘एवढंसं तर लागलंय’ म्हणू नये.

पुढच्या वर्षी त्याच दोघी पुन्हा समोरासमोर आल्या. लेक ३-४ नं हरली. मी तोंडातून चकार शब्द काढला नाही, रुमाल मात्र पिळून पिळून चोळामोळा झाला! घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, ‘‘काय गं, नाक-बिक फुटलं का कुणाचं?’’

‘‘नाही आजी,’’ लेक बूट काढत म्हणाली, ‘‘कुण्णाचंच नाही.’’