थोड्या खर्चात तिरंदाजीचे लक्ष्य

आजचे बोलणे मुख्यतः खेड्यावरच्या गुरुजींशी आणि बाईंशी आहे. पण घरात धनुष्य मागणारे पोर असेल तर आईबापांनीही थोडा कान द्यावा.

शाळेत धनुष्य येते ते कुणाच्या तरी हौसेने. गावातलाच एखादा कारागीर बांबूचे करून देतो, नाहीतर वर्गणी काढून शहरातून आणतात. चार-सहा बाणही येतात. ते मारायचे कशावर, हा प्रश्न मात्र मागाहून उभा राहतो. तोवर पोट्टे थांबतात कशाचे! कडुलिंबाच्या खोडावर खडूने वर्तुळ निघते, किंवा मोडक्या बाकाची फळी भिंतीला टेकवली जाते. पहिल्या आठवड्यात निम्मे बाण वाकतात, चिरतात, तुटतात. उरलेले शेजारच्या वावरात हरवतात. दुसऱ्या आठवड्यात धनुष्य कार्यालयाच्या खुंटीवर चढते आणि तिथेच धूळ खाते. मुलांचा हात तयार होत नव्हता म्हणून नव्हे, की धनुष्य वाईट होते म्हणून नव्हे. बाण झेलायला काही नव्हते म्हणून.

तयार फोमचे लक्ष्य बाजारात मिळते. पण चांगल्या मोठ्या लक्ष्याला हजारो रुपये पडतात, आणि एका खेळासाठी एवढी रक्कम मागायला शाळेच्या बैठकीत कोणाची जीभ रेटत नाही. तेव्हा ते आपणच कसे करावे, हे आज सांगतो.

मैदानी खेळ आपल्या वऱ्हाडाला परका नाही. अमरावतीला वैद्य बंधूंनी 1914 साली हनुमान आखाडा सुरू केला, तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नावाजला. 1936 साली या मंडळाचे पथक बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले. त्याच बर्लिनमध्ये 2023 च्या ऑगस्टात नागपूरचा ओजस देवतळे तिरंदाजीचा जगज्जेता झाला. अंतिम सामन्यात त्याचे पंधराच्या पंधरा बाण दहाच्या वर्तुळात, म्हणजे 150 पैकी 150 गुण. ते वर्तुळ केवढे? 50 मीटरवर ठेवलेले, 8 सेंटिमीटर रुंद. आमटीच्या लहान वाटीचे तोंड म्हणा ना! आणि सातारा जिल्ह्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव, मजुरी करणाऱ्या आईबापांचा मुलगा, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाने खेळाकडे वळवला. तो अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत तिरंदाजी शिकून 2021 मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकला गेला. एका शिक्षकाच्या डोळ्यांत मूल भरले की काय होते, ते यातून दिसते. असो, आपण आपल्या फोमकडे वळू.

आधी बाण अडतो कसा, ते समजून घेऊ. हे समजले की बाकीचे तुमचे तुम्हीच कराल. शिकाऊ धनुष्यातून सुटलेला 20 ग्रॅमचा बाण सेकंदाला 50 मीटर वेगाने जातो असे धरा. सातवी-आठवीच्या वर्गात हे गणित फळ्यावर मांडता येईल: वस्तुमानाचा निम्मा गुणिले वेगाचा वर्ग, उत्तर येते 25 ज्यूल. अडीच किलोचा दगड एक मीटर उंचीवरून पायावर पडला तर जेवढा दणका बसेल, तेवढी ही शक्ती. ती कुठेतरी जिरायला हवी. बाण लाकडात शिरला आणि दोन सेंटिमीटरमध्ये थांबला, तर त्याच्यावर सरासरी सव्वाशे किलोच्या भाराइतका जोर येतो. एवढ्या जोराने सरळ काडी वाकणार नाही तर काय होईल? तोच बाण वीस सेंटिमीटर आत जाऊन सावकाश थांबला, तर जोर साडेबारा किलोंवर येतो. बाण शाबूत राहतो. म्हणजे लक्ष्य कठीण असून उपयोग नाही. त्याने बाणाला आत येऊ द्यावे आणि चारी बाजूंनी धरून ठेवावे.

आता तुम्ही विचाराल, मग गादीचा मऊ स्पंज काहून नाही चालत? कारण तो येऊ देतो, पण धरत नाही. धरण्याचे काम घर्षणाचे, आणि घर्षण येते दाबातून. याला आपल्याकडे एक फार चांगला दाखला आहे. जिनिंगमधून निघालेला मोकळा कापूस हातात घ्या. बोट आरपार जाते. तोच कापूस प्रेसमध्ये दाबून 170 किलोची गाठ बांधली, की तिच्यात बोट तर सोडाच, सळई घालायलाही जोर लागतो. कापूस तोच, फक्त दाब वेगळा. आपले लक्ष्य म्हणजे फोमची अशी गाठ आहे. फोम कोणत्या जातीचा, किती महागाचा, हे दुय्यम. तो किती दाबला, यावर सगळे आहे.

माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्या खेपेला मी फ्रिजच्या खोक्यातले थर्माकोल एकावर एक चिकटवून लक्ष्य केले. दिसायला झकास! तिसऱ्या बाणाला त्याचा भुगा झाला आणि बाण आरपार जाऊन मागच्या दगडावर फुटला. थर्माकोल तुटते, बाणाभोवती मिटत नाही. त्याला हातसुद्धा लावू नका.

लावायचा तो लवचीक, बोटाने दाबला की परत वर येणारा फोम. तो विकतच घ्यावा लागतो असे नाही. टीव्ही-फ्रिजच्या दुकानात खोक्यातून निघालेला पांढरा पातळ गुंडाळीचा फोम पडून असतो. रबरी चपला करणाऱ्यांकडे कापून उरलेले तुकडे मिळतात. जुन्या योगाच्या चटया, बालवाडीत अंथरायच्या फोमच्या चटया, हेही सोने आहे. अकोल्या-अमरावतीच्या भंगार बाजारात सकाळी एक चक्कर मारली तर निम्मे सामान जमेल. वेगवेगळ्या जातींची सरमिसळ चालते; फक्त जाड आणि दाट तुकडे मधल्या भागासाठी राखून ठेवा, कारण मार तिथेच जास्त बसतो.

माप असे धरा. स्पर्धेतला सर्वांत मोठा कागद 122 सेंटिमीटर व्यासाचा असतो आणि तो 70 मीटरवर लागतो; तो आपल्याला आत्ता नको. दहा-पंधरा मीटरवरून शिकणाऱ्या मुलांना अडीच फूट रुंद, अडीच फूट उंच आणि नऊ इंच जाड लक्ष्य पुरते. फोमच्या नऊ इंच रुंद, अडीच फूट लांब पट्ट्या कापा. कापताना सुरीला थोडे पाणी लावले की ती अडत नाही. या पट्ट्या वहीच्या पानांसारख्या आडव्या, एकावर एक रचायच्या. पट्टीची कड मुलाकडे आली पाहिजे, पाठ नव्हे. बाण पानांच्या मधून शिरतो, पान भोसकत नाही. म्हणूनच असे लक्ष्य टिकते. आडवी सपाट पत्रे एकामागे एक लावली तर महिन्याभरात मध्ये भगदाड पडेल.

खाली एक आणि वर एक अशा दोन फळ्या: तीन फूट लांब, नऊ इंच रुंद, निदान दीड इंच जाड. सागवान नको, बाभळीची चालते. दोन्ही टोकांना दोन-दोन भोके पाडून त्यांतून आट्यांच्या चार सळया घाला. लोखंडाच्या दुकानात 12 मिलिमीटरची सळई एक मीटर लांबीची तयार मिळते. सोबत नट आणि मोठे वायसर. फोमची थप्पी मोकळी असताना तीन फूट रचा, वरची फळी ठेवा, दोन जाणत्या पोरांना तिच्यावर उभे करा आणि मग पान्याने चारही नट थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. तीन फुटांची थप्पी अडीच फुटांवर येईस्तोवर आवळायचे. गुंडाळीचा पातळ फोम फार चेपतो. तो असेल तर एकदा आवळून, सोडून, आणखी पट्ट्या घालून पुन्हा आवळावे लागते. कंटाळू नका, इथेच सगळे गणित आहे.

एक खोच लक्षात ठेवा. नट टोकांना असल्याने फळी मध्ये फुगते आणि नेमका मधला दाब कमी पडतो. त्यासाठी मधोमध दोन-तीन अर्ध्या लांबीच्या पट्ट्या जादा घाला. आणि सळया फळीच्या पुढच्या कडेला घेऊ नका, तीन-चार इंच मागे घ्या. पुढून त्यांच्यावर जुन्या टायरचा किंवा फोमचा पट्टा बांधा. लोखंडावर आदळलेला बाण गेलाच म्हणून समजा.

सळयांचाही खर्च झेपत नसेल, तर नायलॉनच्या दोराचे दोन वेढे देऊन मध्ये दांडके घालून पीळ द्या. कडब्याची गाडी आवळताना देतो तसाच. तेवढा घट्टपणा येत नाही आणि दर आठवड्याला पुन्हा पिळावे लागते, पण काम भागते. फोमच नसेल, तर खताच्या रिकाम्या पोत्यात चिंध्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या ठासून ठासून भरा. गुंड्या, हूक, चेन आधी कापून काढा. कुटार भरू नका. ते खाली बसते आणि पावसाळ्यात कुजते.

आता परीक्षा. पाच मीटरवरून मोठ्या माणसाने एक बाण मारून पाहावा. सहा-सात इंच आत जाऊन थांबला तर उत्तम. मागून टोक दिसले तर नट आणखी आवळा. दहा वर्षांच्या मुलाला तो ओढून निघत नसेल तर थोडे सैल करा. बाणावर फोम वितळून चिकटतो, कारण घर्षणाने उष्णता होते. कोरडा कपडे धुण्याचा साबण टोकाकडच्या अर्ध्या काडीवर चोळला की बाण सहज सुटतो.

लक्ष्य उभे करताना ते थोडे मागे कलते ठेवा, स्पर्धेत 10 ते 15 अंश ठेवतात. बाण वरून कमानीने येतो, म्हणून कललेल्या अंगावर तो नीट काटकोनात बसतो. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात तिवई रुतते. पायांखाली फरशीचे तुकडे घाला.

मागे काय आहे, हा प्रश्न मात्र लक्ष्याहूनही मोठा. चुकलेला बाण शंभर-दीडशे मीटर सहज जातो. तेव्हा पाठीमागे रस्ता, पांदण, गोठा, घर काही नको. उंच धुरा किंवा मातीचा मोठा ढीग हवा. नुसते पन्नास पावले मोकळे रान पुरत नाही, कारण पऱ्हाटीत वाकून निंदणारी बाई लांबून दिसत नाही. शिट्टीची शिस्त पहिल्या दिवसापासून लावा. दोन शिट्ट्या म्हणजे रेषेवर या, एक म्हणजे मारा, तीन म्हणजे थांबा आणि बाण आणायला चला. जगभरच्या स्पर्धांत हीच खूण आहे. तीन शिट्ट्या होईपर्यंत रेषेपुढे कोणी पाऊल टाकायचे नाही, मग बाण कुणाचाही पडो.

बाण काढताना लक्ष्यापुढे चेहरा नेऊ नका. एक हात फोमवर टेकवायचा, दुसऱ्याने बाण टोकाजवळून धरून सरळ मागे ओढायचा, आणि त्या वेळी पाठीशी कोणी उभे राहायचे नाही. बाणाची मागची खाच डोळ्यात जाते ती अशाच वेळी. काढलेला बाण हलका वाकवून पाहा, कुरकुर आवाज आला किंवा चीर दिसली तर तो बाजूला ठेवा. चिरलेला बाण धनुष्यातून सुटताना हातात फुटतो, मग तो बांबूचा असो की कार्बनचा.

उन्हाचे सांगायचे राहिले. अकोल्याचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. पारा 45 च्या वर गेला की उन्हात ठेवलेला फोम ढिला पडतो, आणि ऊन खाऊन खाऊन त्याचा वरचा थर पिठासारखा गळू लागतो. काम झाले की वर ताडपत्री टाका, शक्यतो ओसरीत ठेवा. महिन्यातून एकदा नट पाहा. मधल्या पट्ट्या खिळखिळ्या झाल्या की सगळे सोडून त्या वर-खाली न्या आणि कडेच्या कोऱ्या पट्ट्या मध्ये आणा. असे दोन-तीनदा फिरवले की तेच लक्ष्य बराच काळ चालते. पट्ट्या सोडाल तेव्हा आत तुटलेली टोके सापडतील. ती मुलांकडून मोजून घ्या आणि हरवलेल्या टोकांच्या हिशेबाशी ताडून पाहा. एक जरी आत राहिले, तर पुढचा चांगला बाण नेमका त्याच्यावर जाऊन फुटतो.