गुण की दोष? स्वभावाबद्दलचे सहा गैरसमज

लग्नासाठी छापलेल्या बायोडेटात ‘स्वभाव : मनमिळाऊ’ हे हमखास असतं. शाळेच्या प्रगतिपुस्तकात शेरा येतो, ‘हुशार, पण अबोल’. नोकरीच्या मुलाखतीत तर सरळच विचारतात, तुमचे गुण सांगा, आता दोष सांगा. या सगळ्यामागची समजूत एकच : स्वभावाचे दोन कप्पे असतात, एकात गुण आणि दुसऱ्यात दोष. मानसशास्त्राच्या संशोधनाला आणि थोरामोठ्यांच्या चरित्रांना मात्र हे कप्पे मान्य नाहीत.

गैरसमज 1 : संकोची माणूस मागे पडतो

1891 साली मोहनदास गांधी विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्या खटल्यात ते उलटतपासणीला उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना. फी परत करतो, दुसरा वकील द्या, असं सांगून ते कोर्टाबाहेर पडले. वकिलीच्या धंद्यात संकोचाने त्यांचं सरळसरळ नुकसान केलं. पुढे आत्मकथेत मात्र त्यांनी याच संकोचाचे आभार मानले आहेत. त्याच्यामुळे त्यांना शब्द जपून वापरण्याची सवय लागली होती.

बडबड्या माणसाचा धंदा जोरात चालतो, हेही पूर्ण खरं नाही. ॲडम ग्रँट या अमेरिकी संशोधकाने फोनवरून विक्री करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून 2013 साली निष्कर्ष मांडले. सर्वाधिक विक्री अतिबोलक्यांची नव्हती आणि अबोलांचीही नव्हती. बोलण्यात मध्यम असणारे पुढे होते. ग्रँट यांच्या मते ही माणसं आग्रहाने बोलतात, तसंच समोरच्याचं ऐकूनही घेतात.

गैरसमज 2 : चांगला गुण कधी आड येत नाही

काटेकोरपणा घेऊ. बॅरिक आणि माउंट यांनी 1991 साली अनेक अभ्यास एकत्र तपासले. जवळजवळ प्रत्येक प्रकारच्या नोकरीत चांगल्या कामाशी नातं सांगणारा गुण त्यांना सापडला, तो हाच. लुईस टर्मन यांनी 1921 साली कॅलिफोर्नियात सुमारे 1500 मुलांची पाहणी सुरू केली आणि त्यांच्यानंतरही ती अनेक दशकं चालू राहिली. तिच्यातही जबाबदारीने वागणारी मुलं सरासरीने जास्त जगली. हसरी, बिनधास्त मुलं तुलनेने लवकर गेली. मोठेपणी धूम्रपान, मद्यपान आणि जोखमीच्या गोष्टी त्यांच्यात जास्त दिसल्या, अर्थात एवढंच त्याचं कारण नव्हतं.

आता दुसरी बाजू. जर्मनीतल्या हजारो लोकांची माहिती तपासून 2010 साली मांडलेला निष्कर्ष असा, की नोकरी गेल्यावर काटेकोर माणसं इतरांपेक्षा कितीतरी जास्त खचतात. ज्या कामात त्यांनी जीव ओतलेला असतो, तेच हातातून जातं.

चार्ल्स डार्विन यांना नैसर्गिक निवडीची कल्पना 1838 साली सुचली, पण पुस्तक आलं 1859 साली. मधली आठ वर्षं त्यांनी समुद्री खडकांना चिकटणाऱ्या बार्नॅकल या जिवांच्या अभ्यासात घालवली. या उशिराला इतरही कारणं होती, तरी पुराव्याशिवाय तोंड उघडायचं नाही हा स्वभाव त्यांत नक्कीच होता. त्या चिकाटीमुळे पुस्तक टीकेपुढे टिकलं, आणि त्याच चिकाटीपायी श्रेय हातचं जाण्याची वेळ आली. जून 1858 मध्ये आल्फ्रेड वॉलेस यांनी तीच कल्पना मांडून त्यांना टपालाने पाठवली. अखेर दोघांचं लेखन 1 जुलै 1858 रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचलं गेलं.

गैरसमज 3 : समजूतदारपणा नेहमी चांगला, हट्ट नेहमी वाईट

महर्षी धोंडो केशव कर्वे आणि त्यांचे पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे यांची चरित्रं शेजारी ठेवून वाचावीत. वडील संकोची, सोशिक, वाद टाळणारे. त्यांनी 1896 साली विधवांसाठी आश्रम काढला, 1916 साली महिला विद्यापीठ उभं केलं. दारोदार फिरून वर्गणी गोळा करायची, टीकाकारालाही दुखवायचं नाही, ही त्यांची रीत. संस्था टिकाव्यात म्हणून विधवाविवाहाचा प्रचार त्यांनी आश्रमाच्या कामापासून वेगळा ठेवला. त्याबद्दल सुधारकांचीच बोलणी त्यांना खावी लागली.

र. धों. तसूभर मागे सरणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि त्या कामापायी विल्सन कॉलेजातली गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गमावली. 1927 साली सुरू केलेलं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरावे लागले. 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. हट्टापायी त्यांनी स्थैर्य गमावलं, माणसंही दुरावली. पण भारत सरकारचा कुटुंबनियोजन कार्यक्रम आला 1952 साली, त्यांच्या केंद्रानंतर तीन दशकांनी. इतकी वर्षं एकट्याने तग धरायला वडिलांचा मऊपणा पुरला नसता, आणि मुलाच्या तिखट भाषेवर विद्यापीठाला देणग्या मिळाल्या नसत्या. दोघांच्याही स्वभावाने महाराष्ट्राला काही दिलं आणि दोघांकडूनही किंमत वसूल केली.

गैरसमज 4 : माणूस एक तर अंतर्मुख, नाही तर बहिर्मुख

उंचीप्रमाणे स्वभावाचेही गुण कमी-जास्त प्रमाणात असतात आणि बहुतेक माणसं मधल्या पट्ट्यात मोडतात. म्हणूनच संशोधक आज पाच पट्ट्या वापरतात : नव्या अनुभवांची ओढ, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि काळजी करण्याची वृत्ती. ‘तू या प्रकारचा’ असं चार अक्षरांत सांगणाऱ्या लोकप्रिय चाचण्या पुन्हा दिल्या, तर अनेकांचा प्रकारच बदलतो.

गैरसमज 5 : स्वभावाला औषध नाही

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनुसार स्वभावातल्या फरकांपैकी साधारण 40 ते 50 टक्के वाटा आनुवंशिक असतो. उरलेल्याला जागा आहे. 2006 साली 92 दीर्घकालीन अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा स्वभाव मोठेपणीही बदलत असतो आणि सर्वाधिक बदल 20 ते 40 या वयात होतो, असं दिसलं. पुढे अमेरिकी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात आणखी एक गोष्ट पुढे आली. बदलायची नुसती इच्छा पुरली नाही. ज्यांनी दर आठवड्याला ठरवलेल्या छोट्या कृती खरोखर केल्या, त्यांच्यातच बदल दिसला.

गैरसमज 6 : माझा स्वभाव मलाच सर्वांत नीट कळतो

अर्धंच खरं. सिमीन वझीर यांच्या 2010 च्या अभ्यासात मनातली काळजी, अस्वस्थता ज्याची त्यालाच चांगली ओळखता आली. बुद्धिमत्तेसारख्या, ज्यात स्वतःबद्दलचा अभिमान गुंतलेला असतो अशा गोष्टींचा अंदाज मित्रांनी जास्त अचूक बांधला.

तेव्हा वाचकांनी आपल्या स्वभावातली एकच गोष्ट निवडावी. ती आपल्याला कुठे उपयोगी पडली आणि कुठे नडली, हे स्वतः लिहून काढावं. मग घरातल्या एखाद्या माणसाला आणि कामावरच्या एखाद्या सहकाऱ्याला तोच प्रश्न विचारावा, आणि उत्तर मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐकून घ्यावं.